सल्ला कोणाचा मानावा?

गावात पैशाची चणचण असेल, पाण्याची असेल. पण सल्ल्याची कधीच नसते. विहीर कोठे खणावी, बियाणे कोणते घ्यावे, मुलाला पुढे काय शिकवावे, कांद्याचे चार पैसे आले तर ठेवावे कोठे? विचारा अगर विचारू नका, पारावर दहा जण दहा वाटा दाखवतील. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ असे आपण म्हणतो खरे. पण जन दहा तोंडांनी बोलतात आणि मनाला तर आधीच काहीतरी हवे असते. मग ऐकायचे कोणाचे?

मुंबईत माटुंग्याला व्ही. जे. टी. आय. नावाची तंत्रशिक्षणाची जुनी संस्था आहे. ती १८८७ साली निघाली. माटुंग्याला आली १९२३ मध्ये. त्याआधी ती भायखळ्यास असताना लक्ष्मणराव किर्लोस्कर तेथे शिक्षक होते. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले. तेथे सायकलींचे दुकान काढले, कडबा कापण्याची यंत्रे केली आणि मग लोखंडी नांगर केला. नांगर चांगला होता, पण घेणार कोण? ‘लोखंड लागले की जमिनीला विष चढते,’ असे शेतकरी एकमेकांना सांगत. पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली म्हणतात.

आता गंमत पाहा. ‘विष चढते’ असे सांगणारा शेजारी काही वैरी नव्हता. त्याला तुमचे भलेच हवे होते, आणि तो चुकत होता. उलट ‘नांगर घ्या’ म्हणणाऱ्या लक्ष्मणरावांना विक्रीत नफा होता, आणि त्यांचे म्हणणे खरे होते. म्हणजे सांगणारा माणूस चांगला आहे की वाईट, एवढ्यावर सल्ल्याची किंमत ठरत नाही. ‘बाबा रे, तू स्वतः करून पाहिलेस का?’ हे आधी विचारायला हवे. शेजाऱ्याने लोखंडी नांगर धरलाच नव्हता. तो ऐकीव गोष्ट सांगत होता.

तरी त्या शेतकऱ्याला आपण अडाणी म्हणू नये. नांगराला पैसे पडणार, ते कर्जाने काढावे लागणार, आणि पीक बुडाले तर घर उपाशी राहणार. त्याची सावधगिरी योग्यच होती. फक्त तिला दिलेले कारण चुकीचे होते. अशा वेळी उपाय एकच: बांधाकडेच्या एका पट्ट्यात करून पाहावे. फसले तर पट्टाच गेला, साधले तर पुढच्या साली सारे शेत आहेच. पुढे नांगराची पारख लोकांनी केली ती अशी शेतातच. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेवर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

तुम्ही म्हणाल, ‘चला, युक्ती सापडली. अनुभवी माणसाला विचारावे आणि थोडक्यात करून पाहावे.’ थांबा. माटुंग्याहून दादर जवळच आहे. तेथे २०२४ साली टोरेस नावाचे दागिन्यांचे मोठे दुकान थाटले गेले. खडे विकत घ्या, दर आठवड्याला शेकडा सहा किंवा त्याहूनही जास्त परतावा घ्या, अशी योजना होती. मंडईतले भाजीवाले, नोकरदार, गृहिणी अशा अनेकांनी पैसे घातले. त्यांतल्या कित्येकांनी आधी थोडेच घातले. आठवड्याला पैसे आले. शेजाऱ्याने विचारले, ‘मिळतात का हो?’ ‘मिळतात की,’ असे खरे उत्तर मिळाले. मग मोठ्या रकमा गेल्या. डिसेंबर २०२४ अखेर पैसे येणे थांबले आणि ६ जानेवारी २०२५ रोजी बंद दारासमोर लोकांची गर्दी झाली. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, फसवणुकीचे आरोप ठेवले गेले.

या लोकांनी आपली युक्तीच वापरली होती. मग ती चुकली कोठे? नांगराच्या परीक्षेत पुरावा देते ती माती, आणि मातीवर नांगर विकणाऱ्याचा हुकूम चालत नाही. येथे पुरावा देत होता तो पैसे घेणाराच. नव्याकडून घ्यायचे आणि त्यातून जुन्याला द्यायचे, अशा व्यवहारात पहिले आठवडे गोडच जातात. तो नमुना नव्हे, गळाला लावलेले आमिष आहे.

म्हणून दुसरा प्रश्न विचारावा: ‘हा नफा येतो कोठून?’ आठवड्याला शेकडा सहा म्हणजे वर्षाच्या बावन्न आठवड्यांत शंभर रुपयांवर तीनशे बारा रुपये! एवढे देणारा कोणता धंदा आहे? गुरुजी, हे गणित वर्गात फळ्यावर जरूर घाला. मुले ते घरी नेतील.

तिसरा प्रश्न: ‘मी हो म्हटले तर तुम्हाला काय मिळते, आणि मी बुडालो तर तुमचे काय जाते?’ विमा विकणाऱ्याला दलाली मिळते, औषध दुकानदाराला नफा मिळतो. त्यात पाप नाही; पण ते आपल्याला ठाऊक असावे. सरळ माणूस सरळ सांगतो. ‘आजच शेवटचा दिवस’ म्हणून घाई करणाऱ्याला मात्र उद्या यायला सांगावे. चांगला सल्ला एका रात्रीत नासत नाही.

कंपनीची नोंदणी झाली म्हणजे लोकांकडून ठेवी घेण्याची परवानगी मिळाली, असे नाही. शंका आली तर रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ या संकेतस्थळावर पाहता येते, तक्रारही करता येते. गुंतवणुकीचा सल्ला फी घेऊन देणाऱ्याकडे सेबीची नोंदणी लागते. तिचा क्रमांक मागून घ्यावा. बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे.

काही गोष्टी पट्ट्यात करून पाहता येत नाहीत. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, गाव सोडणे या त्यांतल्या. तेथे त्या वाटेने गेलेल्या दोघांना विचारावे: एक जो पोचला आणि एक जो परत आला. परत आलेल्याला कोणी विचारत नाही, पण वाटेतले खड्डे त्यालाच अधिक ठाऊक असतात.

आणि गुरुजी, बाई, गावातले लोक तुमच्याकडेही सल्ल्याला येतात. जे ठाऊक नाही त्याला ‘मला ठाऊक नाही, पण कोणाला विचारायचे ते सांगतो’ असे म्हणायला संकोचू नका. असे उत्तर देणाऱ्या माणसाचे बाकीचे बोलणे लोक अधिक विश्वासाने ऐकतात.