कडाडतं ते जवळ, गडगडतं ते दूर

जळगावच्या सराफ बाजारात सोनं कडाडतं आणि रावेर-यावल पट्ट्यात केळी गडगडते. खान्देशातल्या वाचकाला असे मथळे समजावून सांगावे लागत नाहीत. पहिला भाव चढला, दुसरा कोसळला. पण ही दोन्ही क्रियापदं आभाळातली. कडाडते ती वीज, गडगडतात ते ढग. मग बाजारात उतरल्यावर एक वर गेलं नि दुसरं खाली, ते का?

त्यासाठी आधी आवाज नीट ऐकायला हवा. वीज चमकते तेव्हा तिच्या वाटेवरची हवा निमिषात सुमारे ३० हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि स्फोट व्हावा तशी फाकते. आपण जवळ असलो तर तो दणका एका फटक्यात कानावर येतो: कडाड्! लांब असलो तर मामला निराळा. विजेची वाट काही किलोमीटर लांब आणि वेडीवाकडी असते. तिच्या जवळच्या टोकाचा आवाज आधी पोचतो, दूरच्या टोकाचा मागाहून. तापीच्या खोऱ्यात उत्तरेला सातपुडा नि दक्षिणेला अजिंठ्याची रांग. त्यांचे पडसाद त्यात मिसळतात. आवाज लांबतो, घोळत राहतो. तोच गडगडाट. म्हणजे ज्यांनी हे शब्द घडवले त्यांनी नुसता आवाज पकडला नाही, अंतरही पकडलं. मला याचं फार कौतुक वाटतं.

'गडगड' हा ढगांचा, तसाच उतारावरून सुटलेल्या धोंड्याचाही आवाज. घसरत्या भावाला तो चिकटला तो या धोंड्यामुळे, असं मला वाटतं. 'कड' मात्र मोडण्याचा, तुटण्याचा आवाज. काटकी कडकन मोडते. त्यात जोर आहे, अवचितपणा आहे. म्हणून विरोध कडाडून होतो, भूक कडकडून लागते, टाळ्यांचा कडकडाट होतो. हसू तेवढं गडगडाटी. आणि नाटक किंवा सभा 'गाजते' तेव्हा तिथेही मेघच असतो: संस्कृत 'गर्ज्', प्राकृत 'गज्ज', त्यातून आपलं गाजणं आणि समुद्राची गाज.

खान्देशात या शब्दांचं रूप आणखी बदलतं. धुळे, अमळनेर, पारोळा भागातल्या अहिराणीत आणि रावेर, यावल, भुसावळकडच्या लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो. जळगाव होतं जयगाव, धुळे होतं धुये, आभाळ होतं आभाय. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची (१८८०–१९५१) बोली ती हीच लेवा. संस्कृत 'विद्युत्', प्राकृत 'विज्जु' आणि मराठी 'वीज' हा प्रवास पाठ्यपुस्तकात सापडतो. इथल्या बोलीत त्या विजेचा 'व'ही गळतो आणि उरते 'इज'. जसा विंचवाचा इंचू. 'आभाय गडगडी ऱ्हायनं' म्हणजे ढग गडगडतायत.

सरकारी मराठीनं विजेला तारेत घातलं: वीजबिल, वीजजोडणी, वीजचोरी. गावानं ते पूर्ण मानलं नाही. भुसावळजवळ दीपनगरला एवढं मोठं औष्णिक विद्युत केंद्र आहे, तरी आसपासच्या खेड्यांत जाते ती लाईट, आणि पडते ती इज.

पण कुठे हे शब्दज्ञान घातही करतं. गडगडाट म्हणजे दूरची गोष्ट, हे खरं. दूरची म्हणून बिनधोक, हे खोटं. ढगांचा आवाज साधारण १५ किलोमीटरपर्यंत ऐकू येतो आणि वीजही ढगापासून तेवढी लांब पडू शकते. गडगड कानावर आली म्हणजे आपण तिच्या टप्प्यात आहोत. 'गर्जेल तो पडेल काय' ही म्हण पावसापुरती ठीक आहे. मे महिन्याच्या वळवात थेंबही न पडता वीज पडते, आणि ती म्हण ऐकत नाही. तशीच पायाळूची समजूत. पायाकडून जन्मलेल्या माणसावर वीज ओढली जाते, असं अजूनही मानलं जातं. त्यात त्या माणसाला आयुष्यभराची धास्ती बसते, आणि बाकीचे 'आपण काही पायाळू नाही' म्हणून खुशाल निंबाखाली उभे राहतात. वीज जन्म बघत नाही. ती उंच झाड बघते, मोकळ्या रानातला उभा माणूस बघते. चमक दिसल्यापासून आवाजापर्यंतच्या सेकंदांना तीनानं भागलं की किलोमीटर मिळतात. पण मोजत बसण्यापेक्षा पक्क्या घरात जावं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबावं.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाइलवर विजेचा इशारा देतं. दामिनी हेही विजेचंच नाव, संस्कृतातलं. 'मेघगर्जनेसह विजांचा कडकडाट' ही हवामान खात्याची भाषा शुद्ध आहे, पण कापसात निंदणी करणाऱ्या बाईला थांबवायचं तर ती पुरत नाही. गावच्या भोंग्यावरून पोलीस पाटलांनी तिच्या बोलीत सांगावं: इज कडकडी ऱ्हायनी, निंबना झाडखाले उभा ऱ्हावू नका.