गडावरची भाकरी आणि खालचं शेत

पाऊस लागला की पुण्या-मुंबईची माणसं शनिवार-रविवारी गड चढतात, वर पिठलं-भाकरी खातात आणि हात धुता धुता कुणीतरी हमखास म्हणतं, "मावळे हेच खाऊन लढले!" सिंहगडावर हे वाक्य इतक्या वेळा कानावर येतं की आता ते पाट्यांवरही चढलंय. 'अस्सल मावळी थाळी', 'शिवकालीन जेवण'. आणि ताटात काय असतं? ज्वारीची भाकरी, बेसनाचं पिठलं, शेंगदाणे घातलेला मिरचीचा ठेचा, बटाट्याची भजी, वर आल्याचा चहा.

जेवण उत्तम असतं, त्याबद्दल तक्रार नाही. त्या पाटीबद्दल आहे.

मिरची, शेंगदाणा, बटाटा, आणि वाटेत भाजून मिळतं ते मक्याचं कणीस हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. मिरची पोर्तुगीजांबरोबर १६व्या शतकात आपल्या किनाऱ्याला लागली. तानाजी मालुसरे १६७० साली सिंहगड चढले तेव्हा ती या मुलखात तशी नवखीच होती. तिच्या आधी तिखटाचं काम मिरी, पिंपळी आणि आलं करायचं. शेंगदाण्याची मोठ्या प्रमाणावर लागवड १९व्या शतकातली. बटाटा घरोघरी पोचला तो इंग्रजी अमलात. आसामात चहाचे मळे १८३०च्या दशकात सुरू झाले आणि सामान्य माणसाच्या घरात चहा शिरला तो २०व्या शतकात, चहावाल्यांनी रीतसर प्रचार केल्यावर. उपासाच्या दिवशी गडावर मिळणारी साबुदाण्याची खिचडीही याच रांगेतली : साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला. कुणाला शंका असेल तर के. टी. अच्चया यांचं 'इंडियन फूड : अ हिस्टॉरिकल कम्पॅनियन' (१९९४) चाळावं.

यावर ठरलेलं उत्तर येतं : "बरं, ठेचा राहू द्या, पण भाकरी तर आपली ना?" आपली आहेच. पण ज्वारी आणि नाचणी ही दोन्ही धान्यं मुळात आफ्रिकेतली, हजारो वर्षांपूर्वी इकडे आलेली. मुळं खणत बसलं तर ताटात फारसं काही उरणार नाही. म्हणून 'किती जुनं' हा प्रश्नच मला कुचकामी वाटतो. 'इथलं आहे का' हा विचारण्याजोगा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर पुस्तकात शोधायचीही गरज नाही, ते वाटेवर दोन्ही बाजूंना उभं असतं.

लोणावळ्याला वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. साठ-पासष्ट किलोमीटर पूर्वेला पुण्यात तो ७५०च्या आतबाहेर येतो आणि दौंड-बारामतीकडे ५००च्या आसपास. इतक्या थोड्या अंतरात इतका पाऊस घटला की पीक बदलणारच. चांगली ज्वारी म्हणजे रब्बीची ज्वारी, आपण जिला शाळू म्हणतो ती. तिला लागते खोल काळी जमीन, जी पावसाळ्यातली ओल धरून ठेवते, आणि कोरडी थंडी. प्रसिद्ध मालदांडी ३५-१ हा वाण सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळचा. भौगोलिक मानांकन मिळालं तेही मंगळवेढ्याच्या ज्वारीला. मावळात, म्हणजे घाटमाथ्याच्या अलीकडच्या डोंगराळ खोऱ्यांत, जमीन उताराची, माती तांबूस आणि पाऊस धो धो. तिथे खाचरात भात आणि वरकस उतारावर नाचणी, वरई, सावा. १८८५ साली छापलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्याचा खंड काढून पाहा, पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्याची पिकं हीच दिली आहेत.

म्हणजे मावळ्यांचं रोजचं खाणं कल्पायचंच असेल, तर नाचणीची भाकरी, वरईचा किंवा जाडा भात आणि भात निघाल्यावर खाचरातल्या ओलीवर होणारी कडधान्यं असं कल्पावं. सिंहगडावरची पांढरीशुभ्र ज्वारीची भाकरी गावकऱ्यांच्या हातची असली, तरी पीठ पुण्याच्या बाजारातून येतं. का? तर वर येणारं गिऱ्हाईक पुण्याचं, आणि त्याला घरी ज्वारी खायची सवय. वरचं दही-ताक मात्र बहुतेक पायथ्याच्या वस्त्यांमधून बायाबापड्या डोक्यावरून आणत आल्या आहेत. त्या मडक्यातल्या दह्याला मी बिनदिक्कत स्थानिक म्हणेन, पाटी नसली तरी.

आणि स्थानिक म्हणजे जुनाट, हेही डोक्यातून काढावं. मावळात जेवायला बसल्यावर समोर येणारा वासाचा, थोडा चिकट इंद्रायणी भात शिवकाळातला सोडाच, पेशवाईतलाही नाही. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून तो काढला आणि १९८७ साली तो शेतकऱ्यांच्या हाती आला. तरी तो त्या मातीचा आहे, त्या पावसावर वाढलाय आणि तुम्ही ज्या बांधावरून चालत आलात त्याच्या पलीकडच्या खाचरात उभा आहे. एवढं पुरे.

आता घोळ असा की पाहुण्याला हे खायचं असतं आणि यजमानाला ते वाढायची लाज वाटते. नाचणी म्हणजे गरिबाचं अन्न, हा गैरसमज शहरात ओसरला पण डोंगरात अजून टिकून आहे. (राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांत १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम दिलंय. भात-गहू जवळपासही नाहीत.) म्हणून 'काय जेवणार?' विचारल्यावर आपण 'काहीही चालेल' म्हणतो आणि ताटात पनीर येतं. आदल्या दिवशी फोन करून स्पष्ट सांगावं : "मावशी, तुम्ही घरी जे करता तेच आमच्यासाठी करा. नाचणीची भाकरी असेल तर उत्तम." भाकरीचं पीठ दळायला, हुलगे शिजायला वेळ लागतो; ऐन वेळी पंधरा माणसं दारात उभी राहिली की मॅगीच होणार.

दोन दिवसांच्या सुटीत हे नीट जमवायचं असेल, तर एकच खोरं निवडावं. अकोले तालुक्यात भंडारदरा, रतनवाडी, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं पाचनई हा भाग चालण्यासाठी अप्रतिम आहे आणि तिथे भात, नाचणी, वरईचे गावठी वाण अजून टिकून आहेत. बियाणं जपण्यासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. जुलैत इथे चालाल तर उतारावर नाचणीची लावणी चालू असते. फोटोसाठी हिरव्यागार तुकड्यात शिरणारे महाभाग त्याच नाचणीची रोपं तुडवतात आणि रात्री 'ऑथेंटिक' भाकरी मागतात. पायवाटेवरून चालावं, एवढीच विनंती.

बाकीचे गैरसमज छोटे आहेत, पण चिवट.

"गड चढला की खाल्लेलं सगळं जिरतं." सत्तर किलोच्या माणसानं सहाशे मीटर चढ चढला, तर वजन वर नेण्याचं निव्वळ काम होतं सुमारे १०० किलोकॅलरींचं. स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्के धरली तर शरीर खर्च करतं ४०० ते ५००. सपाटीवरचं चालणं आणि उतार धरून आणखी थोडी भर घाला. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सव्वातीनशेच्या वर, एका मोठ्या चमचाभर तेलात १२० किलोकॅलरी. दोन भाकऱ्या, तेलाचा तवंग आलेलं पिठलं आणि भज्यांची एक प्लेट एवढ्यात हिशेब उलटा फिरतो. आवडतं म्हणून खावं, गडाच्या नावावर खपवू नये.

"पावसात घाम येत नाही, पाणी कशाला?" येतो, भिजल्यामुळे कळत नाही इतकंच.

"डोंगरातला ओढा म्हणजे निर्मळ पाणी." वरच्या अंगाला गुरं चरतात, माणसंही बसतात. उकळलेलं किंवा गाळून निर्जंतुक केलेलंच प्यावं.

"रानभाजी आहे, म्हणजे निर्धोक." जूनमध्ये उगवणारी शेवळं नीट केली नाहीत तर कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांनी घसा धरतात, म्हणून जाणत्या बाया काकडं किंवा चिंच घालूनच ती रांधतात. अळंब्यांच्या बाबतीत तर गावातल्या माहीतगारानं ओळखलेलीच खावी, मोबाइलवरच्या फोटोशी ताडून पाहिलेली नव्हे.

"गावरान कोंबडी म्हणजे गावातलीच कोंबडी." शनिवारी दोनशे ताटं वाढणाऱ्या खाणावळीला इतक्या कोंबड्या मागच्या परसातून मिळत असतील का, याचा विचार ज्यानं त्यानं करावा.

आणि "महाबळेश्वरला जाऊन ताजी स्ट्रॉबेरी नाही खाल्ली तर काय केलं?" जुलैत गेला असाल तर शहाणपण केलंत. लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि फळ थंडीत सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालतं. भर पावसात क्रीमखाली लालभडक दिसते ती गोठवलेली असते, नाहीतर पाकातली.