नवे जनुक अत्यावश्यक कसे होते?

जे जुने तेच पायाभूत आणि नंतर आलेले ते वरकड, असा आपला समज असतो. सजीवांच्या बाबतीत तो खरा नाही. नंतर निर्माण झालेली जनुकेही जगण्यास अत्यावश्यक होऊन बसतात. मी कला शाखेचा पदवीधर; परंतु बँकेतील नोकरीमुळे हे मला चटकन उमगले.

शाखेत एकच लिपिक जमा आणि नावे दोन्ही पाहत असतो. दुसरा येतो तेव्हा तो जादाच वाटतो. हळूहळू एक जमा पाहतो, दुसरा नावे. पुढे दोघांपैकी एक जरी रजेवर गेला तरी काम अडते.

जनुकांचेही तसेच. नक्कल होताना चुकून एखाद्या जनुकाची जादा प्रत तयार होते. मूळ जनुक काम सांभाळत असल्याने प्रतीत बदल झाले तरी जीव दगावत नाही. बहुतेक प्रती निकामी होतात. एखादी मात्र वेगळे काम उचलते आणि शरीर तिच्यावर विसंबू लागते.

आपले हिमोग्लोबिन हे याचे उत्तम उदाहरण. सुमारे 45 ते 50 कोटी वर्षांपूर्वी एका मूळ जनुकापासून अल्फा व बीटा अशी दोन झाली. आज दोन्ही नीट चालल्याशिवाय माणूस धडधाकट जगत नाही. बीटा निकामी असलेल्या थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त द्यावे लागते. गॅमा हे बीटाचेच भावंड. ते गर्भात काम करते व जन्मानंतर जवळजवळ थांबते.

विद्यार्थी मित्रांनो, हा विषय आपल्या घरापर्यंत येतो. बीटा जनुकातील एका अक्षराच्या बदलाने सिकलसेल उद्भवतो. हा बदल एकाच पालकाकडून आल्यास मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, म्हणून तो टिकला. दोघांकडून आल्यास तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि असह्य वेदना होतात. भारतातील अनेक रुग्णांत गॅमा मोठेपणीही थोडे काम करते, त्यामुळे आजार सौम्य राहतो. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध त्यालाच चालना देते.

विदर्भातील आदिवासी व बौद्ध समाजात हा आजार आढळतो, आणि सोयरिकी जिल्ह्याची हद्द पाहत नाहीत. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. केंद्र शासनाने जुलै 2023 मध्ये सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. पेडगावसारख्या गावातही सोयरिकीच्या बैठकीत देण्याघेण्याआधी रक्ततपासणीची गोष्ट निघावी. वाहक असणे हा कलंक नव्हे. माहीत असून न सांगणे हाच दोष.