हक्काचा पैसा – लेखांक ६ : पाच वर्षांची मुदत

मागच्या लेखांकात ग्रॅच्युइटीचा हिशेब मांडला. आता पुढचा प्रश्न. हक्काचा पैसा मिळालाच नाही, तर दाद कधीपर्यंत मागता येते?

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तेव्हा चर्चा झाली ती हातात येणारा पगार घटणार का, याचीच. तंट्यांची मुदत बदलली, तिकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

समजा, भाट्यातली एक बाई पूल ओलांडून रत्नागिरीतल्या एका खासगी कारखान्यात नव्याने कामाला लागली. पगार १३,००० रुपये. पीएफचे १२ टक्के, म्हणजे १,५६० रुपये, दरमहा कापले जातात. तेवढेच मालकाने घालायचे. पगारपत्रकावर कपात दिसते, म्हणून ती निर्धास्त. बारा वर्षांनी नोकरी सोडताना पासबुक उघडावं तर एकाही महिन्याचा भरणा नाही.

१९५२ च्या पीएफ कायद्यात कलम ७-अ खालच्या चौकशीला मुदतच नव्हती. कितीही जुनी थकबाकी असो, आयुक्त ती उकरून काढू शकत. मालकांचं गाऱ्हाणं असे की इतक्या वर्षांची दप्तरं जपायची कशी? त्यात तथ्य होतं. संहितेच्या कलम १२५ ने त्यावर रेघ ओढली. वाद उद्भवल्यापासून किंवा रक्कम देणं लागू झाल्यापासून पाच वर्षं उलटली, की चौकशी सुरूच करता येणार नाही. सुरू झालेली चौकशी दोन वर्षांत आटोपायची. वाढ मिळालीच तर आणखी एका वर्षाची. मालकाला अपिलासाठी पूर्वी थकबाकीच्या ७५ टक्के रक्कम भरावी लागे, आता २५ टक्के.

चौकशी वेळेत संपणं कामगाराच्याही फायद्याचं. पण आपल्या बाईंचं काय? कलमाचा सरळ अर्थ घेतला, तर शेवटच्या पाच वर्षांपुरतीच ही वाट उघडी राहते. आधीच्या सात वर्षांत नुसते तिच्या पगारातून कापलेलेच १,३१,०४० रुपये होतात. मालकाचा वाटा धरला तर दुप्पट. भरणा मालकाने करायचा, कागदपत्रं त्याच्याच ताब्यात, आणि मुदत मात्र जिला काही कळलंच नाही तिच्यावर चालून येते.

यावर तोडगा शोधायला लांब जायला नको. १९६३ च्या मुदत कायद्यातलं कलम १७ फसवणूक उघड झाल्यापासून मुदत मोजतं. पगारातून कापून न भरलेल्या पीएफला तेच सूत्र लावणारी दुरुस्ती संहितेत व्हायला हवी. मुदत असावी, पण ती कामगाराला कळल्यापासून धरावी.

आजारपणाच्या लाभांची तऱ्हा थोडी निराळी. ईएसआयने, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाने, लाभ नाकारला तर कर्मचारी विमा न्यायालयात जायचं. तिथली तीन वर्षांची मुदत १९४८ च्या ईएसआय कायद्यातही होती.

दुरुस्ती होईल तेव्हा होईल. तोवर यूएएन, म्हणजे पीएफचा सार्वत्रिक खाते क्रमांक, सुरू करून घ्या. महिन्याचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायचा असतो. त्यानंतर पासबुक पाहा. दोन-तीन महिने रक्कम दिसली नाही तर पीएफ कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. साहेबांनी "भरतो, भरतो" म्हटल्याने मुदत थांबत नाही. पगारपत्रकं जपून ठेवा. कपात झाल्याचा तुमच्या हातातला पुरावा तोच.

पुढच्या आठवड्यात : आंबा कॅनिंगच्या हंगामी कामगारांची ग्रॅच्युइटी. तिथे वर्षाला पंधरा दिवसांचा नव्हे, हंगामाला सात दिवसांचा पगार धरतात.