एक्सेलमध्ये तारीख उलटली की व्याज दुप्पट! बचत गट, शेतकरी कंपन्यांनी आधी ही सेटिंग पाहावी

अमरावती/अकोला : दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट भागातही आता बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी अन् कृषी केंद्राचा हिशोब वहीतून कॉम्प्युटरवर आला आहे. पण फॉर्म्युला बरोबर असूनही आकडा चुकतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा तारखेत असतो.

नेमकं होतं काय?
आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. अमेरिकेत आधी महिना लिहितात. कॉम्प्युटरची रीजन सेटिंग 'इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)' असली की ०७-०६-२०२४ म्हणजे मृगाचा ७ जून एक्सेल ६ जुलै समजतं. १५-०३-२०२५ मध्ये तर पंधरावा महिनाच नसतो. मग ती तारीख नुसता मजकूर राहते अन् वजाबाकी केली की '#व्हॅल्यू!' येतं.

न दिसणारी चूक जास्त महाग
एरर दिसली तर माणूस शोधतो तरी. १ ते १२ तारखा मात्र गुपचूप उलटतात. समजा, गटातून ५० हजार रुपये वर्षाला १२ टक्के व्याजानं ७ जून २०२४ ला उचलले अन् १० जानेवारी २०२५ ला फेडले. खरे दिवस २१७, व्याज ३,५६७ रुपये. उलट्या तारखांनी दिवस होतात ४५२ अन् व्याज ७,४३० रुपये. भांडण गटात लागतं, चूक मशीनची असते.

कसं ओळखाल?
खरी तारीख रकान्यात उजवीकडे चिकटते, मजकूर झालेली डावीकडे. महिना अक्षरात दिसेल असा फॉरमॅट लावला की उलटलेली तारीखही लगेच सापडते.

दुरुस्ती अशी
१) कंट्रोल पॅनलमध्ये 'रीजन' उघडा, फॉरमॅट 'इंग्लिश (इंडिया)' करा अन् एक्सेल बंद करून पुन्हा उघडा.
२) मजकूर झालेल्या तारखांचा कॉलम निवडा. 'डेटा' मधील 'टेक्स्ट टू कॉलम्स' मध्ये 'डेट' ला 'डीएमवाय' निवडा.
३) आधीच उलटलेल्या तारखा सेटिंग बदलून सुधरत नाहीत. त्या वहीशी ताडून पुन्हा टाका.
४) गूगल शीट असेल तर कॉम्प्युटरवर 'फाइल', 'सेटिंग्ज', 'लोकेल' मध्ये 'इंडिया' करा.

फॉर्म्युलाच घेत नसेल तर?
जर्मनी, फ्रान्समध्ये दशांशाला स्वल्पविराम वापरतात, म्हणून तिथल्या फॉर्म्युल्यात अर्धविराम असतो. तसा फॉर्म्युला इंटरनेटवरून उचलला असेल तर अर्धविरामाच्या जागी स्वल्पविराम टाका.

फाईल दोन-तीन कॉम्प्युटरवर फिरत असेल तर प्रत्येकाची सेटिंग तपासा. अन् महिना आकड्यात न टाकता इंग्रजी अक्षरात टाकायची सवय लावली, तर उलटायला जागाच राहत नाही. तोवर वही मात्र फेकू नका.