थकलेल्या गायींचं चीज

‘दमले’ म्हणायची मला लाजच वाटते. डेडलाइन कुणाला चुकलीय? म्हणूनच ‘स्ट्राकिनो’ हे नाव एकदम आवडलं. लोम्बार्ड बोलीत ‘स्ट्राक’ म्हणजे थकलेला! शरद ऋतूत आल्प्सच्या कुरणांवरून उत्तर इटलीच्या मैदानात चालत उतरणाऱ्या गायी पार दमायच्या. दूध कमी द्यायच्या, पण जास्त स्निग्ध. त्याचंच हे मऊ, किंचित आंबूस चीज.

रेक्को गावात याच जातीचं क्रेशेंझा बिनयीस्टच्या दोन पातळ पाऱ्यांमध्ये घालून भाजतात. या फोकाच्याला २०१५ मध्ये युरोपीय भौगोलिक मानांकन मिळालं. रोमान्यात तर आणखी सोपं! पोळीसारख्या गरम पियादिनावर स्ट्राकिनो पसरायचं, रॉकेटची पानं घालायची, दुमडायचं. झालं जेवण. दमलेल्या माणसाला आणखी काय हवं?