अर्धवट राहिलेलं जुरासिक जंगल

गडचिरोलीतल्या सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या काठी कोटा नावाचं गाव आहे. भूगर्भशास्त्रज्ञांनी इथल्या खडकांच्या थराला याच गावाचं नाव दिलं, आणि हा थर खरोखरच जुरासिक काळातला आहे. याच प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात सापडलेल्या हाडांतून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने सुमारे १४ मीटर लांबीच्या एका शाकाहारी डायनोसॉरचा सांगाडा उभा केला आणि १९७५ मध्ये रवींद्रनाथांच्या सन्मानार्थ त्याचं नाव ‘बारापासॉरस टागोरी’ ठेवलं. गडचिरोली जिल्ह्यात वडधम इथे जीवाश्म उद्यानही आहे. याउलट ‘जुरासिक पार्क’ सिनेमाने जगप्रसिद्ध केलेले टी-रेक्स आणि व्हेलोसिरॅप्टर हे जुरासिकनंतरच्या क्रिटेशस काळातले. म्हणून त्या सिनेमांवरून निघालेल्या एका विसरलेल्या संगणक खेळाची चौकशी गडचिरोली-चंद्रपूरच्या बाजूने करणं मला अगदी रास्त वाटतं. वाघाच्या रानातून रोज पायी जाणाऱ्या माणसांच्या या मुलखात त्या खेळाचं मोजमाप जितकं नीट होईल, तितकं दुसरीकडे क्वचितच होईल.

खेळाचं नाव ‘ट्रेसपासर’. ड्रीमवर्क्स इंटरॅक्टिव्ह या कंपनीने तो तयार केला आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये बाजारात आणला. प्रमुख निर्माता शेमस ब्लॅकली हा शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ. पुढे मायक्रोसॉफ्टचं ‘एक्सबॉक्स’ ज्यांनी उभं केलं त्यांपैकी तो एक. कथा ‘द लॉस्ट वर्ल्ड’ या १९९७ च्या सिनेमानंतरची. विमान कोसळून अ‍ॅन नावाची तरुणी डायनोसॉरांच्या बेटावर एकटी अडकते आणि तिथून सुटकेची वाट शोधते. डायनोसॉर उद्यानाचा संस्थापक जॉन हॅमंड याच्या आठवणी तिच्या कानावर पडत राहतात, आणि त्याला आवाज सिनेमातल्याच रिचर्ड अ‍ॅटनबरोंचा आहे. ‘डूम’पासून रूढ झालेल्या नेमबाजीच्या खेळांसारखं इथेही सगळं नायिकेच्याच डोळ्यांनी दिसतं. पण अशा खेळांत पडद्याच्या कडेला जिवाची टक्केवारी आणि गोळ्यांची संख्या सतत झळकत असते. इथे पडदा कोरा ठेवला होता. किती जखम झाली हे अ‍ॅनच्या छातीवर गोंदलेल्या हृदयाकडे मान खाली घालून बघायचं. बंदुकीत किती गोळ्या उरल्या, हे ती स्वतः अंदाजाने पुटपुटते. वस्तूंना वजन होतं, त्या कलंडत, घरंगळत, आणि दगडावर लाकूड आपटलं तर त्या दोन पदार्थांच्या टकरीचा आवाज तिथल्या तिथे घडवला जाई.

या खेळाला आजवर लावली गेलेली फूटपट्टीच चुकीची होती, असं माझं म्हणणं आहे. नेमबाजीचा खेळ म्हणून तो नापास ठरला, आणि त्या परीक्षेत तो होताच कच्चा. पण त्याचा मूळ प्रश्न वेगळा होता: आकडे आणि बाण दाखवून सांगण्याऐवजी जंगल स्वतःच खेळाडूला काही सांगू शकेल का? नागभीड-सिंदेवाहीकडे पहाटे मोहफुलं वेचायला निघणाऱ्याला पुढे वाघ आहे असं कुणी लिहून दाखवत नाही. चितळाने धोक्याचा कॉल दिला, वानरं झाडाच्या शेंड्यावरून खेकसायला लागली, ओल्या मातीत ताजा ठसा दिसला, की तो थांबतो. रान वाचायची ही रीत तिथे पोरासोरांनाही शिकावी लागते. ट्रेसपासरने पडदा कोरा ठेवला तो खेळाडूला असंच वाचायला लावावं म्हणून. त्या काळच्या बहुतेक नेमबाजीच्या खेळांनी बोळांच्या आणि बंद खोल्यांच्या चौकटीत समाधान मानलं होतं. या खेळाने मैलभर उघडं रान मांडण्याची हिंमत केली.

खरा जीव ओतला होता तो जनावरांत. डायनोसॉरला भूक लागावी, भीती वाटावी, राग यावा आणि त्या भावनांच्या ताणाताणीतून त्याचं वागणं ठरावं, अशी योजना होती. पोट भरलेला प्राणी दुर्लक्ष करील, घाबरलेला पळेल. प्रत्यक्षात या भावना इतक्या झपाट्याने पालटत राहिल्या की जनावर गोंधळून जागीच खिळायचं. मुदत संपत आली तेव्हा सोपा उपाय निघाला: राग पूर्ण वाढवायचा आणि बाकीचं बहुतेक दाबून टाकायचं. परिणामी बहुतेक शिकारी डायनोसॉर दिसेल त्याच्यावर धावून येतात. माझ्या मते खेळ हरला तो इथे. ताडोब्याच्या रस्त्यावर आडवा आलेला वाघ बहुतेक वेळा माणसाकडे एकदा बघतो आणि झुडपात शिरतो. अस्वल मात्र दचकलं की अंगावर येतं. दोघांच्या स्वभावातला हा फरक ज्याला कळतो, त्याचा जीव वाचतो. केवळ चिडलेलं जनावर कितीही मोठं असलं तरी त्याच्यात वाचण्यासारखं काही उरत नाही.

यावर आक्षेप येईल की अधुऱ्या वस्तूचं तिच्या हेतूवरून कौतुक करायचं तर कुठलाही फसलेला उद्योग थोर ठरेल. हा आक्षेप वजनदार आहे. माउसने हलवायचा अ‍ॅनचा हात रबरासारखा वाकडातिकडा होतो, बंदूक रोखणं जिकिरीचं होतं, डायनोसॉरांचे पाय जमिनीवर नीट पडत नाहीत, आणि त्या काळच्या घरगुती संगणकांना ते रान पेलवलंच नाही. पैसे मोजून घेणाऱ्या गिऱ्हाइकाची तक्रार योग्यच होती. मात्र हेतू कागदावर राहिला असता तर गोष्ट वेगळी; इथे तो चालत्या यंत्रणेत उतरलेला दिसतो. वजन असलेल्या वस्तू रचून वाट काढण्याची कल्पना पुढे ‘हाफ-लाइफ २’ने २००४ मध्ये लोकप्रिय केली, उघड्या बेटावरची भटकंती त्याच वर्षी ‘फार क्राय’ने. त्यांनी ट्रेसपासरचीच नक्कल केली असा माझा दावा नाही. ती दिशा खरी होती आणि सहा वर्षं आधी कुणीतरी त्या वाटेने ठेचकाळत गेलं होतं, एवढं यावरून नक्की दिसतं. दुसरा आक्षेप असा की ज्या भागात माणूस-वाघ संघर्षात दरवर्षी माणसं मरतात, तिथे जंगली जनावराशी खेळ कसला? मला हा प्रश्न या खेळाच्या बाजूचा वाटतो. नेमबाजीच्या बहुतेक खेळांत प्राणी म्हणजे चालतं निशाण. त्याला भूक आणि भीती असते हे गृहीत धरून केलेला प्रयत्न त्या संघर्षाशी जास्त प्रामाणिक आहे.

हा खेळ आज दुकानात नवा मिळत नाही. चाहत्यांनी वर्षानुवर्षं खपून केलेल्या दुरुस्त्यांमुळे तो नव्या संगणकांवर चालतो, जुनी सीडी मात्र हाती लागायला हवी. चंद्रपूर-गडचिरोलीतली जी मुलं आज संगणकशास्त्र शिकत आहेत, त्यांनी तो एकदा जरूर उघडून बघावा, आणि त्यातल्या रानात जनावर येण्याआधी कुणी कॉल देतं का, याकडे कान द्यावा. त्यांच्या गावाजवळच्या पाणवठ्यावर जे रोज ऐकू येतं, ते या मुलांनी लिहिलेल्या खेळात यायला हवं.